चित्रपटरसिकांचे वाद

खेळ संपल्यावर बाहेर पडतां पडतां वाद घालणें ही महाराष्ट्राची जुनी खोड आहे. बालगंधर्व श्रेष्ठ कीं केशवराव भोसले श्रेष्ठ, या प्रश्नावर एके काळीं घराघरांतून दोन पक्ष पडत. आणि १९२१ मध्यें 'संयुक्त मानापमाना'च्या निमित्तानें हे दोघेही नट एकाच रंगभूमीवर उभे राहिले, तेव्हां त्या वादाचा निकाल लागण्याऐवजीं त्यास अधिकच रंग चढला. असल्या वादांस वेळेचा अपव्यय म्हणून नाक मुरडणारे लोक सर्वकाळीं असतात. परंतु चित्रपटाच्या बाबतींत तरी इतिहासाची साक्ष निराळी आहे. कित्येक जुने चित्रपट आज पाहावयास मिळतात आणि कित्येक नवे चित्रपट मुळांत निर्माण झाले, याचें श्रेय वाद घालणाऱ्या लहान लहान मंडळ्यांस द्यावें लागतें. तें कां, हें दाखवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

नाटकाचा वाद आणि चित्रपटाचा वाद यांत एक मोठा भेद आहे. नाटकाची संहिता छापली जाते. दुसऱ्या दिवशीं पुस्तक उघडून आपलें म्हणणें पडताळतां येतें. चित्रपटाचें तसें नव्हतें. आठवडा संपला कीं खेळ बदले, पेट्या दुसऱ्या गांवीं जात, आणि प्रेक्षकाच्या हातीं आठवणीवांचून कांहीं उरत नसे. पुढें त्या पेट्यांचेंही आयुष्य थोडेंच होतें. त्या काळची नायट्रेटची फिल्म सहज पेट घेई व नीट न ठेवल्यास तिची भुकटी होई. बोलपट आल्यावर मूकपटांस बाजारांत किंमत उरली नाहीं, आणि फिल्मवरील चांदी काढून घेण्यासाठीं कित्येक प्रती नष्ट करण्यांत आल्या. बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा 'सावकारी पाश' हा मूकपट आपल्याकडील वास्तव चित्रपटाचा आरंभ होय, असें इतिहासकार सांगतात. तरुण शांतारामांनीं त्यांत शेतकऱ्याची भूमिका केली होती. परंतु त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाहीं. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) याचीही तीच गति झाली. ज्या कृतीविषयीं वाद घालावयाचा तीच डोळ्यांपुढें नसेल, तर तिची स्तुति आणि निंदा दोन्ही सारखींच पोकळ ठरतात.

ही अडचण प्रथम युरोपांतील रसिकांच्या ध्यानांत आली. १९२५ मध्यें लंडन येथें 'फिल्म सोसायटी' नांवाचें मंडळ स्थापन झालें. बर्नार्ड शॉ आणि एच्. जी. वेल्स यांच्यासारखे ग्रंथकार त्याच्या पाठीशीं होते. बाजारांत न येणारे, परक्या देशांतले किंवा विस्मृतींत गेलेले चित्रपट सभासदांस दाखवावयाचे, हा त्याचा क्रम. आयझेन्स्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' या रशियन चित्रपटास इंग्लंडांत सार्वजनिक खेळाची परवानगी नव्हती. या मंडळानें तो १९२९ च्या नोव्हेंबरांत सभासदांपुढें आणला. आणि त्याच बैठकींत जॉन ग्रिअर्सन यांचा मासेमारांवरील 'ड्रिफ्टर्स' हा पहिला माहितीपट लोकांनीं पाहिला. एका बंद दालनांतील त्या दुपारपासून ब्रिटिश माहितीपटाचा प्रवाह वाहूं लागला असें म्हटलें, तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

फ्रान्समध्यें ही हौस अधिक तीव्र झाली. १९३६ मध्यें आंरी लांग्ल्वा व त्यांचे सोबती यांनीं 'सिनेमातेक' हें चित्रपटांचें ग्रंथालयच उघडलें. जुना चित्रपट जपावा आणि तो दाखवावाही, असा त्यांचा बाणा होता. त्याचें मोल कळण्यास ज्याँ रन्वार यांच्या 'रूल्स ऑफ द गेम' या चित्रपटाची कहाणी पुरेशी आहे. १९३९ च्या जुलैंत पॅरिसमध्यें तो प्रथम दाखविला गेला, तेव्हां प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो केली. दिग्दर्शकानें घाबरून त्यास कात्री लावली. लौकरच सरकारनें त्यावर बंदी घातली. आणि युद्धांत बाँबहल्ल्यांत त्याची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. बाजाराच्या दृष्टीनें हा चित्रपट मेला होता. परंतु चित्रपट-मंडळांतून त्याविषयीं बोलणारे लोक गप्प बसले नाहींत. विखुरलेलीं रिळें गोळा करून, रन्वार यांच्या संमतीनें, १९५९ मध्यें तो पुन्हां जुळविण्यांत आला. आणि आज जगांतील श्रेष्ठ चित्रपटांत त्याची गणना होते. पहिल्या रात्रीचा निकाल हा अखेरचा निकाल नव्हे, ही शिकवण यांतून मिळते. याच मंडळांतून वाद घालीत वाढलेले त्रुफो, गोदार, रिव्हेत प्रभृति तरुण पुढें स्वतःच दिग्दर्शक झाले, हेंही विसरतां येणार नाहीं.

या इतिहासाचा धागा हिंदुस्थानाशीं जुळतो तो कलकत्त्यास. स्वातंत्र्य मिळून दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हां १९४७ च्या ऑक्टोबरांत तेथें 'कॅलकटा फिल्म सोसायटी' स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत जाहिरातींच्या कचेरींत चित्रकाराचें काम करणारे सव्वीस वर्षांचे सत्यजित राय होते. चिदानंद दासगुप्त होते. बन्सी चंद्रगुप्त होते. पहिला चित्रपट दाखविला तो 'पोटेमकिन'च. फाळणीच्या धुमश्चक्रींत होरपळणाऱ्या त्या शहरांत मूठभर तरुणांनीं एकत्र बसून परदेशी चित्रपटांची चिकित्सा करावी, हें कित्येकांस विलासी वाटलें असेल. परंतु त्या चिकित्सेचा रोख घराकडेच होता. आपले चित्रपट कोठें चुकतात, हा प्रश्न राय यांनीं १९४८ मध्येंच एका इंग्रजी लेखांत उघडपणें विचारला. पुढील वर्षीं रन्वार आपल्या 'द रिव्हर' या चित्रपटाच्या तयारीसाठीं कलकत्त्यास आले, आणि त्यांच्याबरोबर आसपासचीं गांवें हिंडण्याचा लाभ राय यांस झाला. ज्या दिग्दर्शकाची पॅरिसच्या प्रेक्षकांनीं दहा वर्षांपूर्वीं हुर्यो केली होती, त्याचें मोल कलकत्त्याच्या या हौशी तरुणांस कळत होतें.

१९५० मध्यें राय कचेरीच्या कामासाठीं लंडनास गेले आणि तेथें त्यांनीं देसीका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला. त्याच सुमारास त्यांचा 'पथेर पांचाली' काढण्याचा निश्चय दृढ झाला. इकडे १९५२ च्या जानेवारींत मुंबईस भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सव भरला, आणि तोच इटालियन चित्रपट आपल्या दिग्दर्शकांनींही पाहिला. पुढल्याच वर्षीं बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला, आणि १९५५ मध्यें 'पथेर पांचाली' प्रकाशित झाला. मग १९५९ च्या डिसेंबरांत ठिकठिकाणच्या मंडळांचा महासंघ स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष सत्यजित रायच झाले. त्या उभारणींत विजया मुळे या मुंबईस जन्मलेल्या विदुषीचा मोठा हात होता. पाटण्यास व नंतर दिल्लीस चित्रपट-मंडळें चालविण्यांत त्यांनीं जें कष्ट उपसले, त्यांची आठवण मराठी वाचकांनीं तरी ठेविली पाहिजे.

वादाचें उत्तम उदाहरण द्यावयाचें तर १९६५ सालचें द्यावें लागेल. त्या वर्षीं मृणाल सेन यांचा 'आकाश कुसुम' आला. गरीब तरुण श्रीमंतीचें सोंग आणून एका सधन मुलीचें मन जिंकूं पाहतो, आणि अखेर उघडा पडतो, असें त्याचें कथानक. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्रांत त्यावर परीक्षण आलें, आणि या कथेंत समकालीनता कोठें आहे या प्रश्नावरून जुलैपासून सप्टेंबरपर्यंत पत्रांचा भडिमार झाला. एका बाजूस सेन आणि त्यांचे कथालेखक आशीष बर्मन. दुसऱ्या बाजूस खुद्द सत्यजित राय. मोराचीं पिसें खोवणाऱ्या कावळ्याची इसापाची गोष्ट आणि आजचा तरुण यांत फरक तो काय, असा राय यांचा आक्षेप. सेन यांचें म्हणणें, सोंग जुनें असेल, परंतु तें आणावयास लावणारी परिस्थिति आजची आहे. भाषा बोचरी होती, टोमणे जिव्हारीं लागणारे होते. शेवटीं संपादकांसच तो पत्रव्यवहार बंद करावा लागला. आमच्या मतें त्या वादांत दोघांचेंही थोडें थोडें खरें होतें. पण महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. चित्रपट ही एवढी गंभीर वस्तु आहे कीं तिच्यासाठीं दोन थोर कलावंतांनीं वर्तमानपत्रांत उघड भांडावें, हें त्या तीन महिन्यांत सामान्य वाचकासही पटलें.

मुंबईस १९६८ मध्यें 'प्रभात चित्र मंडळ' निघालें. नांव ऐकतांच मराठी माणसास कोल्हापुरास जन्मलेल्या व पुण्यास बहरलेल्या प्रभात कंपनीची आठवण व्हावी. सुधीर नांदगांवकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनीं या मंडळाद्वारें जगांतील चित्रपट मराठी मध्यमवर्गाच्या दाराशीं आणले, आणि 'वास्तव रूपवाणी' या नियतकालिकानें चर्चेस मराठी भाषा दिली. खुद्द प्रभातच्या आवारांत १९६० मध्यें चित्रपटशिक्षणाची संस्था आली, आणि १९६४ मध्यें पुण्यासच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उघडलें. तेथें पी. के. नायर यांनीं गोदामांतून, अडगळींतून रिळें वेंचून १९९१ पर्यंत सुमारें १२,००० चित्रपटांचा संग्रह उभा केला. फाळक्यांचा 'कालियामर्दन' (१९१९) आपण आज पाहूं शकतों तो या परिश्रमांमुळें. 'राजा हरिश्चंद्रा'चीं उरलेलीं रिळें १९१३ च्या मूळ चित्रपटाचीं कीं फाळक्यांनीं १९१७ मध्यें पुन्हां काढलेल्या चित्रपटाचीं, हा वाद संशोधकांस घालतां आला, तोही रिळें हाताशीं होतीं म्हणूनच. आणि हें धन किती नाजूक आहे, हें २००३ च्या जानेवारींत पुण्याच्या कोठारास लागलेल्या आगींत प्रभातच्या मूळ नायट्रेट प्रतींची राख झाली, तेव्हां सर्वांस कळलें.

या मंडळांचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. सभासद बहुधा शहरी व इंग्रजी जाणणारे. सभासदांपुरत्या खेळांस सेन्सॉरची सूट मिळाल्यावर केवळ कात्री न लागलेलीं दृश्यें पाहण्यास येणारेही पुष्कळ झाले. याहून मोठा दोष म्हणजे घरच्या चित्रपटाविषयींची तुच्छता. ज्यांत गाणें असेल व ज्यास गर्दी होईल तें कलेंत बसत नाहीं, असा एक ग्रह या मंडळींत होता. 'संत तुकाराम' (१९३६) हा या ग्रहास रोकडें उत्तर आहे. तो मुंबईंत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरवही झाला. गर्दीचा निकाल आणि पारख्यांचा निकाल नेहमीं विरुद्धच असतात, असें नाहीं.

आमचा स्वतःचा अनुभव सांगण्याजोगा आहे. तरुणपणीं मुंबईच्या एका मंडळांत आम्हीं 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला. सायकल चोरीस गेलेला बाप अखेर स्वतः सायकल चोरूं जातो व पकडला जातो, हा शेवट आम्हांस निष्ठुर वाटला, आणि तसें आम्हीं जिन्यावर मोठ्यानें बोलून दाखविलें. शेजारीं एक वयस्क सभासद उभे होते. ते म्हणाले, "अहो, तुम्ही सारा वेळ बापाकडेच पाहत होतां. पुढच्या वेळीं पोराकडे पाहा." वाद फुटपाथवर रंगला तो शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत, आम्हीं हार कांहीं मानली नाहीं. पुढें कित्येक वर्षांनीं तो चित्रपट पुन्हां पाहण्याचा योग आला, तेव्हां बापाचा हात धरणाऱ्या त्या मुलाकडे पाहिलें, आणि मनांतल्या मनांत त्या गृहस्थांस नमस्कार केला. तें प्रत्यक्ष सांगावयास ते आतां नाहींत.

आज अडचण उलटी झाली आहे. पूर्वीं चित्रपट मिळत नसे आणि वाद घालणारे मिळत. आतां हवा तो चित्रपट खिशांतल्या यंत्रावर मिळतो, आणि बाप एका खोलींत, लेक दुसऱ्या खोलींत, आपापला चित्रपट पाहून मुकाट्यानें झोंपीं जातात. दोघांनीं पाहिलेलें एक नसेल, तर वाद कशावर घालावा? आणि ज्या चित्रपटासाठीं कोणी भांडत नाहीं, तो पेटींत सुरक्षित असला तरी विस्मृतीच्या वाटेला लागलाच म्हणावयाचा. रन्वार यांचा चित्रपट वाचला तो कोणा श्रीमंताच्या तिजोरींत नव्हे. कांहीं लोकांनीं वीस वर्षें त्याचा विषय सोडला नाहीं, म्हणून वाचला.

यास उपाय मोठा खर्चाचा नाहीं. महिन्यांतून एका संध्याकाळीं घरच्या चार माणसांनीं आणि शेजारच्या दोघांनीं एक जुना चित्रपट एकत्र बसून पाहावा, एक नवा पाहावा, आणि दिवा लागल्यावर लगेच कोणी उठूं नये.