सोन्याचा वर्ख आणि मेरी क्युरी



थंडीच्या दिवसांत नायलॉनची साडी सोडताना चटचट आवाज येतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा फिरवला की केस त्याच्यामागे धावतात. पावसाळ्यात मात्र यातलं काहीच होत नाही. ही पावसाळ्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घासल्यामुळे वस्तूवर जो विद्युतभार येतो, तो दिसत नाही. मग तो आहे की नाही हे कळायचं कसं? १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज डॉक्टरने धातूची हलकी सुई एका टोकावर अशी ठेवली की ती सहज फिरावी. अंबर, म्हणजे दगड झालेली जुनी राळ, घासून जवळ नेला की सुई त्याच्याकडे वळायची. १७५४ मध्ये जॉन कँटनने दोन हलके गोळे दोऱ्याला टांगले. आपल्याकडे बाशिंगं ज्या भेंडाची करतात ना, तसाच झाडाचा हलका गाभा वापरून असे गोळे करत. भार मिळाला की गोळे एकमेकांपासून दूर सरकायचे. आणि १७८७ साली अब्राहम बेनेट या पाद्र्याचं उपकरण प्रसिद्ध झालं. काचेच्या भांड्यात सोन्याची दोन पातळ पानं शेजारी शेजारी लोंबत सोडलेली. बर्फीवरचा वर्ख जसा फुंकरीनेही उडतो, तशीच ही पानं. वरच्या धातूच्या टोपीला थोडासा भार दिला की ती फाकायची. तुमच्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकात जो ‘सुवर्णपत्र विद्युतदर्शी’ आहे, तो हाच.

भार किती आहे हे नेमकं मोजायला १७८५ साली फ्रान्समध्ये कूलॉमने बारीक तारेच्या पिळाचा तराजू केला होता. पण सगळ्यांना एकच त्रास होता. भार टिकायचा नाही. फाकलेली पानं हळूहळू मिटायची. हवा दमट असेल तर फार लवकर. म्हणून तर पावसाळ्यात आपला कंगवा काम करत नाही. शंभर वर्षं या गळतीला उपकरणाचा दोष म्हणूनच नावं ठेवली गेली.

१८९६ मध्ये पॅरिसला हेन्री बेकरेल यांना दिसलं की युरेनियमच्या क्षारांतून काही अदृश्य किरण निघतात. हे किरण काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच काळी करत. शिवाय जवळच्या हवेतून वीज वाहू देत, त्यामुळे विद्युतदर्शीची पानं मिटत. म्हणजे भार जितका भराभर गळेल, तितके किरण जोरदार. गळतीलाच अर्थ आला!

आणि इथे येते मेरी. मूळची वॉर्साची, १८९१ मध्ये शिकायला पॅरिसला आलेली. १८९५ मध्ये पिएर क्युरींशी लग्न, सप्टेंबर १८९७ मध्ये पहिली मुलगी. त्याच वर्षाच्या अखेरीला, तान्हं मूल घरी असताना, तिने डॉक्टरेटसाठी या किरणांचा विषय हाती घेतला. पिएर शिकवत त्या संस्थेत तिला एक कोंदट, ओल धरणारी खोली मिळाली. भार मोजायचा आणि खोली दमट! ६ फेब्रुवारी १८९८ ला तिच्या वहीत खोलीचं तापमान नोंदलेलं आहे: ६.२५ अंश.

उपकरण पिएर आणि त्यांचा भाऊ जाक यांच्या शोधावर उभं होतं. क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या स्फटिकाच्या पट्टीला वजन टांगून ताण दिला की तिच्यावर ठरावीक भार येतो, हे दोघांनी १८८० मध्ये शोधलं होतं. मेरीने धातूच्या दोन चकत्या तीन सेंटिमीटर अंतरावर बसवल्या आणि खालच्या चकतीवर तपासायची पूड पसरली. पुडीच्या किरणांमुळे मधल्या हवेतून भार वरच्या चकतीकडे जायचा आणि इलेक्ट्रोमीटरची सुई हलायची. सुईला आरसा, आरशावरून पट्टीवर पडलेला प्रकाशाचा ठिपका. मेरी एका हातातलं वजन हळूहळू स्फटिकावर सोडायची. ठिपका शून्यावरून हलू द्यायचा नाही. दुसऱ्या हातात घड्याळ. वजनावरून भार कळे, घड्याळावरून वेळ. एका हाताने शेवया सोडत दुसऱ्या हाताने दूध ढवळणारीला यातली कसरत कळेल, पण इथे जरा हात कापला की पुन्हा पहिल्यापासून.

फोटोच्या काचेवर ‘जास्त काळं, कमी काळं’ एवढंच कळतं. मेरीला आकडे मिळत होते. अँपिअरचे एक लाख कोटी भाग केले, तर धातूरूप युरेनियमचा आकडा होता २४. युरेनियमचा क्षार कुठलाही घ्या, ओला असो की कोरडा, किरणांचा जोर त्यातल्या युरेनियमच्या प्रमाणावरच ठरतो, हे तिला दिसलं. मग खाणीतून येणाऱ्या पिचब्लेंडमध्ये युरेनियमबरोबर बाकीचा कचराही असतो, त्याचा आकडा २४ पेक्षा कमीच यायला हवा. आला ८३.

आपण असतो तर म्हटलं असतं, मोजताना चुकलं. मेरीने दुसरं खनिज घेतलं, चाल्कोलाइट. ५२. मग तिने तेच चाल्कोलाइट शुद्ध रसायनांपासून प्रयोगशाळेत स्वतः बनवलं. घटक तेच, बनवणारी खाण नव्हे, मेरी. आकडा आला ९. म्हणजे खाणीतल्या दगडात आणखी काहीतरी आहे, अगदी थोडं, पण युरेनियमपेक्षा कितीतरी जोरकस. मला या सगळ्या गोष्टीत हा नऊचा आकडा सर्वात आवडतो.

१२ एप्रिल १८९८ ला हा निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला गेला, तिच्या एकटीच्या नावाने. ती सभासद नव्हती, म्हणून वाचून दाखवला तिचे शिक्षक लिपमन यांनी. पिएरनी आपलं स्फटिकांचं काम बाजूला ठेवलं आणि ते तिच्या कामात आले. दगड कुटायचा, आम्लात विरघळवायचा, वेगवेगळे भाग काढायचे आणि प्रत्येक भाग इलेक्ट्रोमीटरखाली ठेवायचा. आकडा जिकडे वाढेल तिकडे जायचं. जुलैत पोलोनियम जाहीर झालं, डिसेंबरात रेडियम. पोलोनियम तेव्हा कुणी वेगळं काढून डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते होतं फक्त त्या आकड्यांत.

तरीही १९०३ च्या नोबेलसाठी फ्रेंच अकादमीतल्या चौघांनी पत्र लिहिलं, त्यात नावं होती बेकरेल आणि पिएर यांची. मेरीचं नव्हतं. स्वीडनच्या एका गणितज्ञाकडून पिएरना हे कळलं. त्यांनी उलट लिहिलं की विचार व्हायचाच असेल तर दोघांचा एकत्र व्हावा. नवऱ्याने शब्द टाकला हे चांगलंच. पण ८३ आणि ९ हे आकडे तिच्या स्वतःच्या नावावर पाच वर्षांपूर्वीच छापलेले होते, ते त्या चौघांना वाचता येत नव्हते असं नाही. शेवटी पारितोषिक तिघांना मिळालं.

पोट भरायला ती १९०० पासून सेव्र इथे शिकवत होती, शिक्षिका तयार करणाऱ्या मुलींच्या महाविद्यालयात. तिथे तिने भौतिकशास्त्र नुसतं फळ्यावर न शिकवता प्रयोग करून शिकवायला सुरुवात केली.