तीन इंचांचं पातं: गवत कापणाऱ्या यंत्राच्या दुरुस्तीचा इतिहास

लढाया, राजे, तह यांच्यावर आपण या मालिकेत बरंच बोललो. आजचा विषय साधा आहे, पण मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो. एखादं यंत्र मोडलं, तर ते दुरुस्त कोण करू शकतो? मालक, गावातला लोहार, की फक्त कंपनीचा माणूस? या प्रश्नालाही इतिहास आहे आणि तो सांगायला मी एक जुनं यंत्र निवडलंय: अमेरिकेतलं गवत कापायचं घोड्यांचं यंत्र. त्याला तिकडे ‘मोअर’ म्हणतात.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो या राज्यांत आमिश नावाच्या ख्रिस्ती पंथाची मोठी वस्ती आहे. त्यांच्यातले बहुतेक शेतकरी शेतात ट्रॅक्टर घालत नाहीत, घोडे जुंपतात. त्यांच्याकडे ‘मॅकॉर्मिक-डीअरिंग नंबर 9’ हे यंत्र आजही दिसतं. त्याचं उत्पादन विसाव्या शतकाच्या मध्याला थांबलं. ती मूळ कंपनीसुद्धा आता त्या रूपात उरलेली नाही. तरीही यंत्र चालतं, मोडतं, दुरुस्त होतं आणि पुन्हा चालतं. हे कसं जमलं, ते पाहू.

आधी गवताचं गणित समजून घेऊ. थंड देशात हिवाळ्यात चरायला काही नसतं. उन्हाळ्यात कापून वाळवलेलं गवत हाच जनावरांचा पुढच्या काही महिन्यांचा चारा. कापलेलं गवत वाळायला दोन-चार कोरडे दिवस लागतात. त्यात पाऊस आला, तर गवत कुजतं, बुरसटतं. म्हणजे आभाळ उघडलेलं असताना यंत्र बंद पडलं, तर प्रश्न एका सुट्या भागाचा राहत नाही. गोठ्यातली किती जनावरं ठेवायची आणि किती विकायची, हे त्यावर ठरतं. अशा वेळी भाग मागवून आठवडाभर थांबणं परवडत नाही.

आता यंत्राची रचना. चाकं जमिनीवर फिरतात, दातेचक्रं ती गती वाढवतात आणि एक दांडा ती गती पुढे-मागे अशा हालचालीत बदलतो. या दांड्याला ‘पिटमन’ म्हणतात. शब्द गमतीचा आहे. पूर्वी लाकडाचा ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवून दोन माणसं करवत ओढायची, एक वर, एक खाली खड्ड्यात. खड्ड्यातला माणूस तो पिटमन. पुढे लाकूड-गिरण्या आल्या, त्याचं काम एक दांडा करू लागला आणि माणसाचं नाव दांड्याला चिकटलं. हाच दांडा मोअरमध्ये आला. तो एका लांब पट्टीला ढकलतो-ओढतो. पट्टीवर ओळीनं त्रिकोणी पाती रिव्हेटनं ठोकलेली असतात. पाती लोखंडी बोटांच्या फटीतून सरकतात. या बोटांना ‘गार्ड’ म्हणतात. गवत बोटांमध्ये अडकतं आणि पातं ते कात्रीसारखं कापतं.

त्रिकोणी पाती आणि फटीची बोटं ही जोडी रूढ केली ओबेड हसी या माणसानं. तो आधी खलाशी होता. कापणी यंत्राचं पेटंट त्याला 31 डिसेंबर 1833 रोजी मिळालं. त्याचा प्रतिस्पर्धी सायरस मॅकॉर्मिक. त्याचं पेटंट 21 जून 1834 चं. शाळेच्या पुस्तकांत नाव मॅकॉर्मिकचं आलं. तो पुढे शिकागोला गेला, मोठा कारखानदार झाला आणि 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याच्या यंत्राचा गौरव झाला. पण आज कुठल्याही कापणी यंत्राची पाती पाहा, ती हसीच्या वळणाची आहेत.

आणखी एक नाव इथे घ्यायलाच हवं. व्हर्जिनियातल्या मॅकॉर्मिक कुटुंबाच्या शेतावरच्या लोहारशाळेत पहिलं यंत्र घडलं, तेव्हा तिथे जो अँडरसन हा गुलाम माणूस कामाला होता. यंत्र घडवण्यात त्याचा हात होता. पेटंटवर त्याचं नाव असणं त्या काळात शक्यच नव्हतं.

गवतासाठी वेगळं, हलकं यंत्र पुढच्या वीसेक वर्षांत तयार झालं. 1850 च्या दशकात ओहायोतल्या ल्युइस मिलरनं ‘बकआय’ मोअर आणला. त्याची दोन चाकं होती आणि पात्याची पट्टी बिजागरीवर बसवलेली होती. त्यामुळे ती उंचसखल जमिनीला धरून चाले. हाच मिलर पुढे थॉमस एडिसनचा सासरा झाला. 1874 मध्ये त्यानं शटॉक्वा इथे उन्हाळी व्याख्यानांची सभा सुरू केली, ती अमेरिकाभर गाजली. आपण आज व्याख्यानमालेत त्याच्या यंत्राविषयी बोलतोय, हे त्याला नक्की आवडलं असतं.

आता मुख्य मुद्दा. आपल्याला वाटतं, कारखान्यात बनलं म्हणजे एका यंत्राचा भाग दुसऱ्याला बसणारच. तसं नव्हतं. मॅकॉर्मिकचा कारखाना सायरसचा भाऊ लिअँडर चालवायचा आणि त्याची पद्धत लोहारशाळेचीच होती. कारागीर भाग घडवायचे, कानशीनं घासायचे, जुळवून बसवायचे. रचनाही वरचेवर बदलायची. 1880 मध्ये लिअँडरला बाजूला केलं गेलं आणि ल्युइस विल्किन्सन हा नवा अधीक्षक आला. त्यानं बंदुका आणि शिलाई यंत्रं यांच्या कारखान्यांत काम केलं होतं. मापपट्ट्या, साचे, एकसारखे भाग, ही शिस्त त्यानं आणली. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात खऱ्या अर्थानं अदलाबदल होणारा भाग यायला पहिल्या पेटंटनंतर जवळपास पन्नास वर्षं गेली.

1902 मध्ये मॅकॉर्मिक, डीअरिंग आणि आणखी तीन कंपन्या मिळून ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ झाली. स्पर्धा घटली, पण पेटंटं केव्हाच संपली होती. हसीचं पातं कुणाच्या मालकीचं उरलं नव्हतं, म्हणून पाती, रिव्हेट, बोटं बाहेरचे कारखानेही बनवू लागले. पात्याची रुंदी हळूहळू तीन इंचांवर स्थिरावली. माझ्या मते या यंत्राच्या दीर्घायुष्याचं पहिलं कारण हेच. भाग सगळ्यांचा झाला.

दुसरं कारण म्हणजे दुरुस्तीचं ज्ञान. ते घरात, गावात होतं. त्यातलं थोडं सांगतो, म्हणजे ते किती हाताशी होतं ते कळेल.

पातं तुटलं, तर अख्खी पट्टी बदलत नाहीत. पट्टी ऐरणीच्या कडेवर टेकवतात, पात्याच्या मागच्या कडेवर हातोड्याचा नेमका घाव घालतात आणि रिव्हेट कापले जातात. नवं पातं ठेवून दोन मऊ लोखंडी रिव्हेट ठोकले की काम झालं. दगडाला आपटून बोट वाकलं, तर एका टोकाला डोळा लावून सगळी ओळ पाहतात आणि वाकलेलं बोट हातोड्यानं सरळ करतात. बोटाच्या आत पातं जिथे घासतं तिथे पोलादाची छोटी पट्टी असते. तिची धार गेली की गवत कापलं न जाता दुमडतं. ती पट्टीही वेगळी बदलता येते.

मग जुळणी. पिटमनच्या प्रत्येक फेऱ्याच्या टोकाला पातं बोटाच्या बरोबर मध्यावर यायला हवं. नाही आलं, तर कापणी असमान होते आणि घोड्यांवर ओझं वाढतं. आणखी एक बारकावा. पात्याच्या पट्टीचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं पुढे ठेवतात, दर फुटाला साधारण पाव इंच. पाच फुटी पट्टी असेल, तर सव्वा इंच. कारण गवताचा रेटा बाहेरचं टोक मागे ढकलतो आणि काम चालू असताना पट्टी सरळ येते. सांधे झिजले की हे अंतर कमी होतं. उभ्या यंत्राला दोरी लावून ते मोजता येतं.

आणि पिटमन लाकडाचा का? लाकूड झटके पचवतं आणि पातं अचानक अडकलं, तर महागड्या दातेचक्राऐवजी स्वस्त दांडा मोडतो. तो शेतकरी स्वतः तासून बसवू शकतो. काय मोडावं, हेही आधी ठरवलेलं होतं. दुरुस्तीचा विचार रचनेतच होता.

या ज्ञानाची खरी परीक्षा 1942 मध्ये झाली. अमेरिका महायुद्धात उतरली होती. पोलाद रणगाड्यांकडे वळलं आणि नव्या शेतीयंत्रांच्या उत्पादनावर सरकारनं मर्यादा घातल्या. शेतकऱ्यांना सांगितलं गेलं, जुनं दुरुस्त करा. त्याच वर्षी देशभर भंगार गोळा करण्याची मोहीम निघाली आणि गोठ्यामागे पडलेली जुनी यंत्रं वितळवायला गेली. एकाच वर्षी दोन हाका. कुठलं यंत्र भंगार आणि कुठलं दुरुस्त होण्यासारखं, हे ज्याला कळत होतं, त्याचं गवत वेळेवर कापलं गेलं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या गावांत गवत विळ्यानंच कापलं गेलं, त्यामुळे घोड्यांचा मोअर तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. पण त्याचं पातं तुम्ही नक्की पाहिलंय. माळव्यात किंवा विदर्भात गव्हाच्या हंगामात पंजाबकडून कंबाइन हार्वेस्टर येतात. त्यांच्या पुढच्या कटरबारवर तीच त्रिकोणी पाती, तीच बोटं असतात. ट्रॅक्टरच्या पुढे लागणाऱ्या रीपरवरही तीच. माप 76.2 मिलिमीटर, म्हणजे बरोबर तीन इंच. इंदूरजवळ पातं तुटलं, तर ते तिथल्या बाजारात मिळतं, लुधियानाला जावं लागत नाही. मेट्रिक मापांच्या देशात अमेरिकेचे तीन इंच टिकून आहेत, कारण ते बदलले तर कुणाचंच काम चालणार नाही.

पण याच कंबाइनच्या किंवा नव्या ट्रॅक्टरच्या पोटात आता संगणक आहे. सेन्सर बिघडला की यंत्र थांबतं आणि तो ओळखायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. अमेरिकेत यावरून शेतकरी आणि कंपन्या यांचा मोठा झगडा झाला. जानेवारी 2023 मध्ये जॉन डिअर कंपनीनं तिथल्या शेतकरी संघटनेशी दुरुस्तीबाबत करार केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलोरॅडो राज्यानं शेतीयंत्रं दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला. तो 1 जानेवारी 2024 पासून लागू आहे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं जॉन डिअरविरुद्ध खटलाही भरला. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिनं विचारात घेतलेल्या चार क्षेत्रांत मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांच्यासोबत शेतीची अवजारंही आहेत.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. धूर कमी सोडणारं, कमी इंधनात चालणारं यंत्र संगणकाशिवाय होत नाही आणि कुणीही आतल्या आज्ञा बदलल्या, तर अपघात होऊ शकतो. हे मला मान्य आहे. पण बिघाड कशाचा आहे हे कळणं आणि यंत्राच्या आज्ञा बदलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मालकाला नाकारायचं काही कारण दिसत नाही.

जुनं ते सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. त्या मोअरनं अनेकांचे पाय कापले आहेत. 1870 चा भागही सहजासहजी दुसऱ्या यंत्राला बसत नव्हता, हे आपण पाहिलं. दुरुस्त करता येणं हा यंत्राचा जन्मजात गुण नसतो. पेटंटं संपली, मापं जुळली, माहिती गावापर्यंत पोहोचली, तेव्हा तो आला. म्हणजे तो घडवावा लागतो आणि लक्ष दिलं नाही, तर तो जातोही.

म्हणून पुढच्या वेळी ट्रॅक्टर, पंप किंवा कडबा कुट्टी घ्यायला जाल, तेव्हा किंमत आणि ताकद यांच्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. भाग बाहेर मिळतो का? माप प्रमाणित आहे का? आणि बिघाड कशाचा आहे हे मला स्वतःला कळेल का? दुकानदार या तिन्हींची सरळ उत्तरं देत असेल, तर यंत्र घ्यायला हरकत नाही. पुढच्या भागात भेटू.