छत्राचा दांडा

मराठीत आज 'छत्री' म्हटले की पाऊसच डोळ्यांपुढे येतो. मृगाच्या तोंडावर दुकानांतून छत्र्या टांगलेल्या दिसू लागतात आणि दिवाळीच्या सुमारास घरोघरी त्या माळ्यावर जातात. शब्दांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. संस्कृतात छत्राचे एक नाव आतपत्र, म्हणजे आतपापासून, उन्हापासून त्राण करणारे. फारसीतील 'आफ्ताबगीर', म्हणजे सूर्याला धरणारे, मराठीत येऊन 'अबदागीर' झाले. ज्या इंग्रजांकडून आपण पावसाळी छत्री घेतली त्यांचा 'अम्ब्रेला' हा शब्ददेखील लॅटिनमधील सावलीवाचक शब्दापासून निघाला आहे. 'छत्र' तेवढे 'छद्', झाकणे, या धातूचे. त्याला ऊन काय आणि पाऊस काय, दोन्ही सारखेच.

उन्हासाठी निर्माण झालेल्या या वस्तूचा खरा वैरी ऊन नव्हे, वारा होय. ऊन छत्राला हळूहळू जाळते, वारा क्षणात उलटवतो. तेव्हा ऊन आणि वारा या दोहोंत टिकणारे छत्र कसे निवडावे, हा प्रश्न दिसायला बाजारी असला तरी त्याचा इतिहास बराच लांबचा आहे. त्या इतिहासात भक्कमपणाची जागा वारंवार बदललेली दिसते. ती कधी धरणाऱ्याच्या मनगटात होती, कधी काड्यांत गेली, तर कधी जमिनीत.

महाभारताच्या अनुशासनपर्वात छत्राची जन्मकथा आहे. जमदग्नी बाण सोडण्याचा खेळ करीत आहेत आणि रेणुका ते बाण वेचून आणीत आहे. ज्येष्ठातले ऊन. तिचे पाय पोळतात, डोके तापते, ती क्षणभर झाडाच्या सावलीत थांबते आणि तिला उशीर होतो. संतापलेले ऋषी सूर्यावरच धनुष्य रोखतात. सूर्य ब्राह्मणाच्या रूपाने येतो, समजूत घालतो आणि अखेरीस दोन वस्तू देतो: छत्र आणि पादत्राण. माहूरची आणि सौंदत्तीची रेणुका आपल्याकडे घरोघरी पुजली जाते, पण छत्रीशी तिचे हे नाते सहसा सांगितले जात नाही. ही जोडी पुढेही सुटली नाही. मनुस्मृतीने ब्रह्मचाऱ्याला छत्र आणि पादत्राणे दोन्ही वर्ज्य केली. गृह्यसूत्रांत अध्ययन संपवून घरी परतणाऱ्या स्नातकाला ती दोन्ही मिळतात. मृताच्या नावाने छत्री आणि जोडे दान देण्याची चाल तर अद्याप आहे. कथेतील एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. येथे ऊन सोसणारी बाईच छत्राचे कारण आहे. पुढच्या इतिहासात छत्र मिळाले ते बहुधा ऊन न सोसणाऱ्यांना.

राजछत्राची रचना पाहिली की हे कळते. ते आकाराने मोठे, झालरींनी जड आणि उंच दांड्याचे. ज्याच्यावर ते धरायचे त्याच्या हाती दांडा कधीच नसतो. अजिंठ्याच्या चित्रांत छत्र धरणारे सेवक आहेत. अबदागीर तर त्याहून अवघड, कारण ती उभ्या दांड्यावरची सपाट, पानासारखी ढाल असते. पालखी सोहळ्यांत ती आजही दिसते. वाऱ्याला छातीवर घेणाऱ्या अशा वस्तूचा भक्कमपणा म्हणजे धरणाऱ्याचा दंड. वारा फिरला की तोही फिरणार, आणि हे करताना तो स्वतः उन्हातच उभा राहणार. कार्ले येथील चैत्यगृहात स्तूपावर असलेले प्राचीन लाकडी छत्र आजही जागेवर आहे. त्याला धरणारे कोणी नाही आणि ते सुमारे दोन हजार वर्षे टिकले. अर्थात त्या गुंफेत ना ऊन येते ना वारा.

शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंताच्या तोंडी जी उपमा आहे ती संस्कृतच्या अभ्यासकांना आठवेलच. राज्य हे दांडा आपणच धरलेल्या छत्रासारखे असते, त्यात श्रम जाण्यापेक्षा श्रम होण्याचाच भाग अधिक, असा तिचा आशय. आमच्या मते या उपमेचे मर्म राजनीतीइतकेच राजाच्या अज्ञानात आहे. दांडा हाती धरल्यावर काय होते हे त्याला कल्पनेने सांगावे लागते. त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला ते ठाऊकच होते.

मराठी राज्यात हा शब्द सत्तेचा पर्यायच झाला. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या तांब्याच्या शिवराईवर 'छत्र पति' अशी अक्षरे आहेत. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर अशी दोन छत्रे झाली. पेठ वडगाव हे त्याच वारणेच्या परिसरातले गाव. छत्र नाकारणे हीदेखील सत्ताच होती. त्रावणकोरात एकोणिसाव्या शतकापर्यंत कनिष्ठ मानलेल्या जातींना छत्री धरण्याचीही बंदी होती.

दांडा स्वतःच्या हाती घेणारी छत्री इंग्रजांकडून आली. लंडनमध्ये १७५० च्या दशकात जोनास हॅनवे छत्री घेऊन हिंडू लागला तेव्हा त्याची टर उडवली गेली. आता धरणारा एकटा, त्याचा दुसरा हात कामात. म्हणून भक्कमपणा काड्यांत शोधणे भाग पडले. देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्या जाऊन १८५२ मध्ये सॅम्युएल फॉक्सने पन्हळीसारख्या खोलगट पोलादी काड्या आणल्या, ज्या वजनाला हलक्या पण वाकायला कठीण होत्या. मुंबईत इब्राहिम करीम यांची छत्र्यांची पेढी १८६० पासूनची.

आपल्याकडे मात्र वाऱ्याचे उत्तर आधीच सापडले होते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे आणि कोकणात भात लावणारी माणसे बांबूच्या कामट्यांचे, पानांनी शाकारलेले इरले डोक्यावरून पाठीवर घेत. त्याला दांडाच नाही. दोन्ही हात चिखलात मोकळे, आणि पाठीमागून आलेला वारा इरल्याला उलटवण्याऐवजी अंगाशी दाबतो. छत्रीच्या साऱ्या इतिहासात याहून शहाणी रचना आम्हांला दिसत नाही. प्लॅस्टिकच्या कागदाने ती बव्हंशी हटवली.

पण इरले चालत्या-वाकत्या माणसाचे. दिवसभर एका जागी बसणाऱ्याचे काय? वडगावच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणारी बाई आणि तारकर्लीच्या वाळूत बसणारा पर्यटक या दोघांचा प्रश्न येथे एकच होतो. मोठी छत्री हवी आणि ती धरायला कोणी नको. म्हणजे भक्कमपणा आता जमिनीत गेला.

याचा हिशेब ढोबळमानाने करता येतो. दोन मीटर व्यासाच्या छत्रीत ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून शिरला तर तिच्यावर सुमारे २४ किलो वजनाइतका रेटा येतो. वारा ६० झाला की तो ५० किलोच्या वर जातो, कारण वेग दुप्पट होताच रेटा चौपट होतो. चैत्र-वैशाखात दिवसभर ऊन आणि दुपार कलताच वळवाचा सोसाटा, ही या भागाची रीतच आहे. जाहिरातीची फुकट मिळालेली रंगीत छत्री अशा वेळी पहिली उडते. विकत घेणाऱ्याने आधी दांड्याची जाडी आणि सांधा पाहावा. काड्या तुटण्याआधी वाकणाऱ्या, म्हणजे फायबरच्या असाव्यात. शेंड्याशी वारा निसटायला दुपदरी झडप असावी. कापड दाट विणीचे असावे. रंग शेवटी पाहावा. एवढे करूनही बुडाशी वजन नसेल तर सारे व्यर्थ. सिमेंट भरलेला डबा, वाळूचे पोते, दगड, काहीही चालेल, पण ते असावे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उंचच उंच सासनकाठ्या वाऱ्यात उभ्या राहतात त्या केवळ नाचवणाऱ्याच्या बळावर नव्हे. चहूबाजूंनी ताणलेले दोर धरणारी माणसे त्यामागे असतात. बाजारातली छत्री दोराने दोन बाजूंना ताणून बांधणारा विक्रेता तेच करीत असतो.

समुद्रकिनाऱ्यावर हयगय जिवावर बेतते. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात २०२२ च्या ऑगस्टमध्ये वाऱ्याने उपटलेली छत्री लागून एका महिलेचा मृत्यू झाला. तेथील एएसटीएम या मानकसंस्थेने २०२४ मध्ये किनाऱ्यावरच्या छत्र्यांसाठी मानक केले. छत्रीने आपल्या नांगरासह ताशी सुमारे ४८ किलोमीटरच्या वाऱ्यात टिकावे, आणि नांगराने सुमारे ३४ किलोचा ओढा सोसावा, अशी त्यात अपेक्षा आहे. दांडा वाळूत निदान दोन फूट रुतवावा आणि छत्री वाऱ्याच्या दिशेने कलती ठेवावी, असे तेथे सांगितले जाते. वारा मग तिला आतून उचलण्याऐवजी वरून दाबतो. हे इरल्याचेच तंत्र.

या कलण्यात कोकणाला एक सोय आहे. शाळेच्या भूगोलात वाचलेले खारे वारे दिवसा समुद्राकडून येतात आणि दुपारनंतर सूर्यही तिकडेच उतरतो, त्यामुळे समुद्राकडे कललेली एकच छत्री दोघांनाही अडवते. वडगावच्या बाजारात ऊन एकीकडून आणि वावटळ भलतीकडून येते. तेथे बायका आभाळ काळवंडताच दोर सोडून छत्री मिटतात, आडवी करून पाटीखाली सारतात आणि पदर डोक्यावर घेऊन बसतात.