निळ्या चकाकीचा पंचनामा

येना येथे १८०१ साली योहान रिटर याने रजतक्षाराने माखलेला कागद सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात धरला, तेव्हा जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथेच तो सर्वांत लवकर काळवंडला. आणि पुढे १९०३ च्या सुमारास अमेरिकेतील रॉबर्ट वुड याने या अदृश्य किरणांना वाट देणारी व दृश्य प्रकाश अडवणारी काळपट काच सिद्ध केली. आपल्या तालुका कचेरीतील एखाद्या अव्वल कारकुनाचा अंगठा कधीकाळी या किरणांखाली न्याहाळला जाईल, हे त्या दोघांच्या स्वप्नातही आले नसेल.

लाचेचा व्यवहार दोघांतच, आडोशाला आणि पावतीवाचून होत असल्यामुळे १९४७ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानंतरही पुराव्याचा प्रश्न उरलाच होता. त्यावर महाराष्ट्रात व गुजरातेत जो तोडगा दीर्घकाळ चालला, तो अँथ्रासीनच्या भुकटीचा. डांबरातून निघणारा हा पदार्थ नोटेवर पुसटसा चोळला तर साध्या उजेडात ध्यानातही येत नाही, परंतु त्याच अदृश्य, म्हणजे जंबुपार, किरणांच्या दिव्याखाली निळसर चकाकतो. सापळ्यापूर्वी पंचांसमक्ष नोटांचे क्रमांक टिपायचे, सर्वांचे हात दिव्याखाली धरून ते कोरे असल्याची नोंद करायची, भुकटी लावणाऱ्या शिपायास मागेच ठेवायचे, नोटा तक्रारदाराच्या खिशात सरकवायच्या आणि त्यास ताकीद द्यायची की, मागितल्याखेरीज पैशाला हात लावू नये, आणि साहेबांशी हस्तांदोलन तर मुळीच करू नये. ठरलेली खूण होताच छापा पडे. दारे-खिडक्या लावून खोलीत अंधार केला जाई, आणि अंगठ्याच्या पेरावर, सदऱ्याच्या खिशाच्या कडेला, क्वचित खणातील एखाद्या फायलीवर ती निळी झाक उमटे.

हस्तांदोलनाची ती ताकीद मला साऱ्या पंचनाम्यातील सर्वांत शहाणी ओळ वाटते, कारण बचावाचे वकील नेमके तेथेच बोट ठेवत: भुकटी तक्रारदाराच्या हातून लागली, नोट बळेच खिशात कोंबली, पैसे उसनवारीचे होते. हात नोटेला लागला एवढेच दिव्याला सांगता येते. ती मागितली होती की नाही, हे त्याच्या कक्षेबाहेरचे. म्हणूनच केवळ नोटा सापडणे पुरेसे नाही, मागणी व स्वीकार दोन्ही शाबीत झाले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे.

याच कामी वापरली जाणारी दुसरी भुकटी फिनॉल्फथॅलीनची. ती लागलेला हात सोड्याच्या पाण्यात बुडवताच पाणी गुलाबी होते, आणि ते बाटलीत मोहोरबंद करून मुद्देमालाबरोबर प्रयोगशाळेकडे धाडता येते. बोटांवरची निळी झाक बाटलीत भरता येत नाही. हात धुतला की उरतात त्या पंचनाम्याखालच्या पंचांच्या दोन सह्या.