अनोळखी लेखणीचा शोध : आकुतागावा पारितोषिकाची नव्वद वर्षे

१९२३च्या जानेवारीत किकुची कान या लेखकाने तोक्योत ‘बुंगेइशुंजू’ नावाचे मासिक काढले. पहिला अंक अवघ्या २८ पानांचा आणि किंमत १० सेन. (जपानी रीतीप्रमाणे येथे आडनाव आधी लिहिले आहे.) किकुचींचा विद्यार्थिदशेपासूनचा मित्र आकुतागावा र्‍युनोसुके याचे सदर पहिल्याच अंकापासून सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या महाभूकंपाने तोक्योचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. मासिक मात्र तगले. २४ जुलै १९२७ रोजी आकुतागावाने आत्महत्या केली, तेव्हा त्याचे वय ३५ होते. दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘राशोमोन’ या १९५०च्या चित्रपटामुळे मराठी रसिकांना त्याचे नाव माहीत आहे. त्या चित्रपटाचा आधार त्याच्याच दोन कथांचा. १९३४च्या फेब्रुवारीत किकुचींचा दुसरा लेखकमित्र नाओकी सांजुगो हाही गेला. मासिकाच्या जानेवारी १९३५च्या अंकात या दोघांच्या नावे दोन पारितोषिके जाहीर झाली. नाओकी पारितोषिक लोकप्रिय कथा-कादंबरीसाठी होते, तर आकुतागावा पारितोषिक नव्या, अपरिचित लेखकाच्या गंभीर लेखनासाठी. ही वाटचाल त्या दुसऱ्या पारितोषिकाची आहे.

मित्रप्रेम हे कारण खरे होते, पण एकमेव नव्हते. पारितोषिकामागे निम्मा हेतू मासिकाच्या जाहिरातीचा आहे, हे किकुचींनी स्वतःच लिहून टाकले होते. संस्था उभारणाऱ्याने इतका रोखठोक कबुलीजबाब द्यावा, हे दुर्मीळच. जाहिरात मात्र सुरुवातीला साधली नाही. पहिला निकाल जाहीर झाला तेव्हा काही वर्तमानपत्रांनी त्याची एक ओळही छापली नाही, आणि किकुचींनी आपला संताप छापून व्यक्त केला.

पहिले पारितोषिक १९३५ सालीच इशिकावा तात्सुझो यांच्या ‘सोबो’ला मिळाले. ही कथा कुठल्या बड्या मासिकातून आलेली नव्हती. लेखकमित्रांनी वर्गणी काढून चालवावे तशा ‘सेइझा’ नावाच्या लहानशा नियतकालिकातून ती उचलली गेली होती. विषय होता ब्राझीलला निघालेल्या गरीब शेतकऱ्यांचा, बोट सुटण्याआधी कोबे बंदरावरच्या वसतिगृहात त्यांनी काढलेल्या दिवसांचा. इशिकावा स्वतः १९३० मध्ये असाच प्रवास करून आले होते. कोकणातल्या म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यात अनेक घरांतले कुणी ना कुणी आखातात गेलेले असते. तिथल्या वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. इशिकावांना मानचिन्ह म्हणून खिशातले घड्याळ आणि ५०० येन मिळाले. घड्याळ आजही दिले जाते. रोख रक्कम आता दहा लाख येन आहे.

पहिल्याच वर्षी पारितोषिकाला वादही चिकटला. दाझाई ओसामु हा तरुण लेखक अंतिम यादीत होता. परीक्षकांपैकी कावाबाता यासुनारी यांनी आपल्या अभिप्रायात त्याच्या खाजगी आयुष्याकडे बोट दाखवले. दाझाईने त्यांच्याविरुद्ध जळजळीत लेख लिहिला आणि पुढच्या वर्षी दुसरे परीक्षक सातो हारुओ यांना विनवणीची पत्रे धाडली. पारितोषिक त्याला कधीच मिळाले नाही. आज जपानमधल्या तरुणांत दाझाईचा वाचकवर्ग अफाट आहे. पुढे १९७९ आणि १९८० मध्ये मुराकामी हारुकी दोनदा यादीत आले आणि दोन्ही वेळा राहून गेले. परीक्षक चुकतात, हे या पारितोषिकाने लपवलेले नाही. उलट प्रत्येक परीक्षकाचा सही केलेला अभिप्राय विजेत्या कथेसोबत मासिकात छापण्याचा प्रघात पडला. कुणाला काय आवडले नाही आणि का, हे वाचकाला तिथेच कळते. संस्थेचा खरा कणा, पाहू गेल्यास, हा प्रघातच आहे.

१९३८ मध्ये पारितोषिकाच्या व्यवस्थेसाठी जपानी साहित्य संवर्धन संस्था स्थापन झाली आणि किकुची तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी विजेते हिनो आशिहेइ चीनच्या आघाडीवर सैनिक होते; समीक्षक कोबायाशी हिदेओ यांनी हांगचौला जाऊन त्यांना पारितोषिक दिले. युद्धाने साहित्याला आपल्या दावणीला बांधल्याचे हे दिवस होते. पहिले विजेते इशिकावा यांनी चीनमधल्या जपानी सैनिकांच्या क्रौर्यावर लिहिले, तेव्हा ते छापणाऱ्या मासिकाच्या अंकावर बंदी आली आणि त्यांना शिक्षा झाली. त्या अंधारातही नाकाझातो त्सुनेको ही पहिली महिला विजेती याच दशकाअखेरीस पुढे आली, आणि १९४० मध्ये ताकागी ताकू यांनी पारितोषिक नाकारले. नकार देणारे ते आजवरचे एकमेव विजेते.

१९४५ ते १९४८ पारितोषिक बंद राहिले. १९४६ मध्ये किकुचींनी मासिक चालवणारी आपली प्रकाशनसंस्था विसर्जित केली, पण सहकाऱ्यांनी ती नव्या नावाने पुन्हा उभी केली. युद्धकाळातल्या भूमिकेमुळे किकुचींवर सार्वजनिक पदांची बंदी आली. ६ मार्च १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. १९४९ मध्ये पारितोषिक पुन्हा सुरू झालेले त्यांना पाहता आले नाही. ते पुन्हा उभे करण्याचे काम पडद्याआड राबणाऱ्या संपादकांचे. आलेली नियतकालिके वाचायची, याद्या काढायच्या, परीक्षकांपर्यंत पोचवायच्या हा त्यांचा उद्योग. या लोकांची छायाचित्रे कुठे छापली जात नाहीत.

पन्नासच्या दशकात निवड धाडसी झाली. १९५१ मध्ये आबे कोबो यांच्या चमत्कारिक, कल्पनारम्य लेखनाला मान मिळाला. १९५३च्या जानेवारीत मात्सुमोतो सेइचो निवडले गेले. ते दूर क्यूशूतल्या कोकुरा गावी वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात नोकरी करणारे, चाळिशी ओलांडलेले, शिक्षण जेमतेम. जिल्ह्याच्या गावातून मुंबई-पुण्याच्या मासिकाकडे कथा पाठवून उत्तराची वाट पाहणारी मराठी माणसे हे चित्र ओळखतील. फरक इतकाच की कोकुराच्या माणसाची कथा कुणीतरी शेवटपर्यंत वाचली.

१९५६च्या जानेवारीत इशिहारा शिंतारो या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याला ‘तायो नो किसेत्सु’ या कथेसाठी पारितोषिक मिळाले आणि सारे बदलले. श्रीमंत, बेफिकीर तरुणांची ही कथा वाचून वडीलधारे हादरले. तरुण मुले लेखकासारखे केस कापू लागली. साहित्याच्या पानावरची बातमी पहिल्या पानावर आली. हेच इशिहारा पुढे तोक्योचे राज्यपाल झाले आणि अनेक वर्षे याच पारितोषिकाचे कडक परीक्षकही. १९५८ मध्ये आणखी एक २३ वर्षांचा विद्यार्थी निवडला गेला : ओए केंझाबुरो. १९९४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. नवख्यातला मोठा लेखक वेळीच ओळखल्याचे याहून ठसठशीत उदाहरण संस्थेकडे नाही.

पुढच्या दोन दशकांत कडेला राहिलेले जपान मध्यभागी आले. १९६७ मध्ये ओशिरो तात्सुहिरो हे ओकिनावाचे पहिले विजेते ठरले. तेव्हा ओकिनावा अमेरिकी अमलाखाली होते. जपानमध्ये वाढलेल्या कोरियन समाजातून री काइसेइ आले. १९७६च्या जानेवारीत युद्धानंतर जन्मलेला पहिला विजेता मिळाला. हा नाकागामी केंजी, जपानमधल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या बुराकु वस्तीतला. दलित साहित्याने मराठीला ढवळून काढले तो काळही हाच.  त्याच वर्षीच्या जुलैत मुराकामी र्‍यू यांच्या अमली पदार्थ आणि लैंगिकतेच्या उघड्या चित्रणाने परीक्षकांत फूट पाडली. पुस्तक मात्र दहा लाखांच्या पुढे खपले. परीक्षकांत स्त्रिया यायला १९८७ साल उजाडले, संस्था सुरू झाल्यावर तब्बल ५२ वर्षांनी. ओबा मिनाको आणि कोनो ताएको या त्या दोघी. इतका उशीर कौतुकाचा नाही, पण त्यानंतरचा बदल वेगाने झाला.

२००४च्या जानेवारीत वाताया रिसा (वय १९) आणि कानेहारा हितोमी (वय २०) यांना पारितोषिक विभागून मिळाले. वाताया वासेदा विद्यापीठात शिकत होती. कानेहाराने शाळा केव्हाच सोडलेली. दोन्ही कथा छापणारा ‘बुंगेइशुंजू’चा अंक दहा लाखांवर खपला. सर्वांत कमी वयाचा वातायाचा विक्रम आजही अबाधित आहे. आणि पारितोषिक केवळ कोवळ्या वयाचे आहे, असा समज होऊ लागला असतानाच २०१३ मध्ये ७५ वर्षांच्या कुरोदा नात्सुको विजेत्या ठरल्या. आपल्याकडे साहित्य अकादेमीने २०११ पासून युवा पुरस्कार सुरू केला, त्याची वयोमर्यादा ३५ आहे. आकुतागावा पारितोषिक वय पाहत नाही, लेखक किती नवा आहे ते पाहते.

जपानी ही मातृभाषा नसलेली पहिली विजेती २००८ मध्ये यांग यी. २०१५ मध्ये विनोदी कलाकार मातायोशी नाओकी यांच्या ‘हिबाना’च्या वीस लाखांहून अधिक प्रती गेल्या. २०१६ मध्ये मुराता सायाका यांची ‘कोंबिनी निंगेन’ आली. चोवीस तास चालणाऱ्या दुकानात काम करणारी अविवाहित बाई, आणि तिने ‘सुरळीत’ आयुष्य जगावे म्हणून मागे लागलेले सगळे. लेखिका स्वतः अशाच दुकानात काम करत होती. जगभरच्या भाषांत ही कादंबरी गेली आणि समकालीन जपानी साहित्याचा नवा वाचक तिने घडवला.

भारतीय वाचकाने मुद्दाम शोधावे असे नाव २०१८चे आहे. इशिइ युका यांच्या ‘ह्याकुनेन दोरो’ला जानेवारीत पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या चेन्नईत राहून एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत जपानी शिकवत होत्या. कथेची निवेदिकाही तेच करते. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर ओसरतो, पुलावर गाळाचे ढीग साचतात आणि त्या गाळातून हरवलेल्या वस्तू आणि माणसे वर येऊ लागतात. तोक्योच्या परीक्षकांनी चेन्नईच्या नदीचा गाळ निवडला.

२०२३ मध्ये जन्मजात स्नायुविकारामुळे श्वसनयंत्र आणि चाकाच्या खुर्चीवर अवलंबून असलेल्या इचिकावा साओ यांना ‘हंचिबॅक’साठी पारितोषिक मिळाले. जाड छापील पुस्तक हातात धरता न येणाऱ्यांचा वाचनाचा हक्क त्यांनी निकालानंतरच्या पत्रकार परिषदेतच मांडला, आणि प्रकाशकांना तो ऐकून घ्यावा लागला. पुढच्या वर्षी कुदान रिए यांनी आपल्या कादंबरीत सुमारे पाच टक्के मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेचा असल्याचे सांगितले, आणि नवी चर्चा पेटली. २०२५च्या जुलैत परीक्षकांनी आकुतागावा आणि नाओकी ही दोन्ही पारितोषिके कुणालाच दिली नाहीत. असे १९९८ नंतर प्रथमच घडले. योग्य कथा नसेल तर घड्याळ कपाटात राहते, आणि पुस्तकविक्रेत्यांच्या नाराजीची पर्वा केली जात नाही.

आजही वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परीक्षक तोक्योतल्या त्सुकिजी भागात ‘शिंकिराकु’ या जुन्या भोजनगृहात जमतात. विजेती कथा मासिकात पूर्ण छापली जाते, त्यामुळे ती पुस्तकापेक्षा कमी किमतीत घरोघरी पोचते. मराठीत १९०९ पासून दिवाळी अंकांची परंपरा आहे आणि नव्या कथाकाराचा जन्म बहुधा तिथेच होतो. दिवाळी अंकांच्या संपादकांनी नवोदितांच्या कथास्पर्धांचे निकाल देताना परीक्षकांचे सही केलेले अभिप्रायही छापावेत, आणि कथा पसंत नसेल तर ते वर्ष रिकामे ठेवण्याची हिंमत करावी. म्हसळ्यापासून तालुक्या-तालुक्यांतल्या वाचनालयांनी आपल्या भागातल्या एका तरी नव्या लेखकाची कथा त्या संपादकांपर्यंत पोचवावी.