स्वप्रतिमा व कार्यवर्तन

स्वप्रतिमा व कार्यवर्तन : माणूस स्वतःला काय समजतो आणि हातातल्या कामाला किती किंमत देतो, यावर त्याची कामावरची वागणूक कशी घडते, याचा अभ्यास करणारा संघटनात्मक मानसशास्त्रातील विषय. आपल्याविषयीच्या कल्पनेशी जुळेल असेच काम माणूस निवडतो व तसेच करतो, असे अब्राहम कॉरमन यांनी १९७० मध्ये मांडले. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या खात्रीला केंद्रस्थान दिले. ही खात्री उपदेशाने थोडी येते. प्रत्यक्ष काम तडीस नेल्याने पक्की होते.

मराठवाड्यात हा विषय कारखान्यांपेक्षा गावच्या आरोग्यकामात अधिक स्पष्ट दिसतो. धुळे–सोलापूर महामार्गावरील पाचोड (ता. पैठण) येथे डॉ. अशोक दयालचंद यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले. शिकवायला शहरातून तज्ज्ञ आणले नाहीत, गावातल्याच स्त्रियांना तयार केले. कालपर्यंत ‘अमक्याची सून’ म्हणून ओळखली जाणारी बाई मुलींची ‘बाई’ झाली की तिचे बोलणे बदलते. लग्नाची घाई करणाऱ्या पालकांच्या ओसरीवर जाऊन बसण्याचा धीर या नव्या ओळखीतून येतो, वेळापत्रकातून नव्हे. मराठवाड्याबाहेर, जामखेडला डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच ओळखले होते. तिथल्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या. प्रशिक्षणात रोगोपचारांइतकाच भर त्यांच्या आत्मसन्मानावर होता.

कामचुकारपणाचे खापर कर्मचाऱ्याच्या ‘मनोवृत्ती’वर फोडण्याची सवय मात्र चुकीची आहे. स्वप्रतिमा एकट्याच्या मनात तयार होत नाही. हुद्दा, वागणूक आणि हाती पडणारी रक्कमही ती घडवतात. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्या कागदोपत्री ‘स्वयंसेविका’. बाळंतिणीला रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवणाऱ्या बाईला पगार नाही, ‘मोबदला’ मिळतो. अंगणवाडी सेविकेला मिळते ते ‘मानधन’. या शब्दात मान आधी आणि धन नंतर येते; पण धन अपुरे आणि उशिरा मिळाले, तर मानही उरत नाही. तरीही या स्त्रिया नेटाने काम करतात, कारण गावाने त्यांना दिलेली ओळख सरकारी शब्दापेक्षा मोठी आहे. अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्यानुसार उपदानास पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. अंगणवाड्या ज्या योजनेतून आल्या, ती एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली होती १९७५ मध्ये.