टेंभली, आधार आणि आमचा रात्रीचा जॉब

शुक्रवारी हापिसात एक मेल येऊन पडला आणि तो काही डोक्यातून जाईना. म्हटलं, या वीकएंडला त्यावरच लिहावं.

काम तसं फुटकळच होतं. एका फिटनेस स्टुडिओकडे दोन सॉफ्टवेअरं. एकात बुकिंग: कोण कुठल्या बॅचला येणार, पैसे भरले का, पॅकेज कधी संपतंय. दुसऱ्यात मार्केटिंग: वाढदिवसाच्या शुभेच्छा, सवलती, 'बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत' छापाचे मेसेज. रिसेप्शनवरची मुलगी रोज संध्याकाळी एकातून एक्सेल काढायची आणि दुसऱ्यात चढवायची. तिचा तो ताप वाचावा म्हणून आम्ही रोज रात्री दोन वाजता धावणारा एक जॉब लिहिला. माणूस ओळखायचा मोबाइल नंबरवरून. दोन्हीकडची माहिती जुळली नाही तर ज्या नोंदीची वेळ अलीकडची, ती खरी. हा नियम माझाच, आणि रिव्ह्यूमध्ये त्यावर कुणी भुवईसुद्धा उचलली नव्हती.

स्टुडिओत गरोदर बायकांसाठी योगाची एक बॅच आहे. तिथे येणाऱ्या एका बाईंचं बाळ सहाव्या महिन्यात गेलं. त्यांनी मेसेजमधल्या लिंकवर जाऊन 'मला मेसेज नकोत' असं कळवलं. मार्केटिंगकडे तशी नोंद झाली. दोन दिवसांनी रिसेप्शनवरून त्यांचे उरलेले पैसे परत केले गेले. झालं, बुकिंगकडची नोंद 'ताजी' ठरली, आणि तिच्यात पहिल्या दिवशी भरलेलं 'संमती: हो' तसंच बसलेलं होतं. रात्री दोनला माझ्या जॉबनं 'नको' पुसून 'हो' लिहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांना सातव्या महिन्यात करायच्या व्यायामांचा मेसेज गेला. मेल त्यांच्या नवऱ्याचा होता. चार ओळी, शिवी एकही नाही.

असो. आता याचा नंदुरबारशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. सांगतो.

माझं आजोळ शहाद्याकडचं. दोन याद्यांतला माणूस एकच आहे का, आणि असला तर कुठल्या यादीचं ऐकायचं, हा प्रश्न आपल्या देशानं सगळ्यात मोठ्या आकारावर सोडवायला घेतला तो त्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात. २९ सप्टेंबर २०१० रोजी तिथे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले, आणि रंजना सोनवणे या गावकरी बाईंना देशातला पहिला आधार क्रमांक देण्यात आला. त्याआधी, जानेवारी २००९ मध्ये, प्राधिकरण स्थापन झालं होतं, आणि पुढे त्याच वर्षी इन्फोसिसचे नंदन नीलेकणी त्याचे अध्यक्ष झाले होते. म्हणजे आपल्याच जातकुळीचा माणूस :-)

जागा उगाच निवडलेली नव्हती. नंदुरबार हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. भिल्ल, पावरा, कोकणा अशी आदिवासी वस्ती इथे बहुसंख्य. मजुरीसाठी गुजरातेत जाणारी घरंच्या घरं. जन्माचा दाखला नाही, शाळेचा दाखला नाही, त्यामुळे बँकेत खातं नाही. प्रत्येक सरकारी खात्याची आपली वेगळी यादी, आणि प्रत्येक यादीत माणूस वेगळा. घरात भिली किंवा पावरी बोलतात, नाव लिहून घेणारा मराठी कारकून आणि पुढे टाइप करणारा रोमन लिपीत. एकाच बाईची तीन स्पेलिंगं तीन रजिस्टरांत. जन्मतारीख ठाऊक नसली की वर्ष अंदाजानं आणि तारीख १ जानेवारी. नाव आणि जन्मतारीख जुळवून माणूस शोधणारा जॉब अशा गावात चालवून बघा, अर्धं गाव एकमेकांत मिसळेल.

हे दुखणं काही आपलंच नाही. अमेरिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी सांभाळणाऱ्या हॅल्बर्ट डन यांनी १९४६ साली एक छोटा लेख लिहून या कामाला 'रेकॉर्ड लिंकेज' हे नाव दिलं. प्रत्येक माणसाचं आयुष्य म्हणजे एक पुस्तक, पानं वेगवेगळ्या कचेऱ्यांत विखुरलेली, ती एकत्र बांधायची, अशी त्यांची कल्पना. १९६९ साली फेलेगी आणि संटर या दोघांनी कॅनडात त्याचं गणित बसवलं. आज कुठलंही डुप्लिकेट काढणारं टूल उघडलंत तर आत कुठेतरी हे दोघे बसलेले सापडतात.

आधारवाल्यांनी दुसरी वाट धरली. जुन्या याद्या जुळवत बसायचंच नाही. दहा बोटं, दोन बुबुळं आणि चेहरा घ्यायचा, नव्या माणसाची तुलना आधीच्या सगळ्यांशी करायची आणि तो खरोखर नवा निघाला तरच क्रमांक द्यायचा. कागद नसलेल्यासाठी 'ओळख देणारा' माणूस चालेल अशीही सोय ठेवली. आणि क्रमांक कसा? बारा आकडी, यादृच्छिक. त्यातून ना जिल्हा कळतो, ना जात, ना वय. शेवटचा आकडा व्हेरहूफ पद्धतीचा चेक डिजिट, म्हणजे एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर लगेच पकडलं जातं. खरं सांगतो, डिझाइन म्हणून मला हे अजूनही भारी वाटतं. की कशी असावी याचा धडा आहे तो.

पण की मिळाली की काम संपत नाही, सुरू होतं. तो क्रमांक रेशनच्या, गॅसच्या, रोजगार हमीच्या, बँकेच्या यादीत नेऊन टाकायचा. या पेरणीला सरकारी भाषेत 'सीडिंग'च म्हणतात. पैसे थेट द्यायचे तर सरकारला प्रत्येकाचा खाते क्रमांक माहीत असण्याची गरज नको, म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे मधोमध एक तक्ता ठेवला: हा आधार क्रमांक, ही बँक. सरकार म्हणतं अमक्या आधारला इतके रुपये, तक्ता बघून पैसे त्या बँकेकडे, आणि बँक ते आपल्याकडच्या जोडलेल्या खात्यात टाकते. दुसऱ्या बँकेनं तोच आधार जोडून पाठवला की जुनी बँक पुसली जाते आणि नवी बसते.

ओळखीचं वाटतंय ना? शेवटी लिहील तो खरा. माझाच नियम, फक्त कोट्यवधी माणसांवर. हा माणूस कोण, एवढं किल्लीनं कळतं. कुणाचं म्हणणं चालायचं, ते तिला कुठून कळणार?

२०१७ साली याचा मोठा भडका उडाला. सिम कार्डाची आधारवरून पडताळणी करून घ्यायला गेलेल्या एअरटेलच्या ग्राहकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली, पुष्कळांच्या नकळत. खातं उघडलं म्हणजे आधार जोडला गेला, तक्त्यातली जुनी बँक गेली, आणि गॅसची सबसिडी या नव्या खात्यांत पडू लागली. लोक आपल्या नेहमीच्या बँकेत पासबुक भरून बघतायत आणि पैसे नाहीत. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं एकही ट्रान्झॅक्शन फेल गेलेलं नाही, सगळं हिरवंगार. डिसेंबरमध्ये प्राधिकरणानं कंपनीचा ई-केवायसी परवाना थांबवला, आणि सुमारे १९० कोटी रुपये लोकांच्या जुन्या खात्यांत परत करायची वेळ आली. त्यानंतर नियम आला: तक्त्यातली बँक बदलायची तर आधीची बँक कोणती हे लिहा, ग्राहकाची संमती घेतल्याचं कळवा, त्याला मेसेज पाठवा आणि बदल उलटवायची सोय द्या. म्हणजे ज्या चार ओळींचा कोड मी लिहिला नव्हता, त्याच या.

आणि टेंभली? पत्रकार अधूनमधून तिथे जात राहिले. तक्रार बहुतेक वेळा तीच, कार्ड आहे पण त्यानं पोट भरत नाही. राज्य सरकारनं २०२४ साली लाडकी बहीण योजना आणली, महिना १५०० रुपये, आधार जोडलेल्या खात्यात. त्यानंतर बातम्या आल्या की रंजना सोनवणे यांच्याच हाती ते पैसे पडत नाहीयेत, कारण आधार आणि बँक खातं यांच्या जोडणीतला घोळ. देशातली पहिली की ज्यांची, त्यांनाच विचारत फिरावं लागतंय की माझी नोंद नक्की कुठे बोट दाखवते आहे! ती बातमी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी दोन मिनिटं हळहळलो आणि पुढच्या टॅबवर गेलो होतो. काल परत शोधून काढून वाचली.

शुक्रवारी रात्री जॉब बंद ठेवला. शनिवारी बसून नियम बदलला. संमतीच्या रकान्याला आता वेळ बघायचीच नाही. कुठल्याही बाजूला 'नको' असलं तर 'नको'च, आणि ते 'हो' करायचं तर त्या माणसानं स्वतः येऊन केलं पाहिजे. मग जुने लॉग काढून बघितलं, आणखी किती जणांचं 'नको' मी रात्री दोन वाजता पुसलं होतं. एकेचाळीस. त्यांची यादी स्टुडिओला पाठवली. रिसेप्शनवरच्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "दादा, त्या बाईंचं मला माहीत होतं हो. मी हातानं करायचे तेव्हा त्यांची ओळ गाळलीच असती."

त्यांच्या नवऱ्याला उत्तर लिहायचं अजून बाकी आहे. तीन मसुदे झाले, तिन्हीत 'तांत्रिक कारणामुळे' हे शब्द आले आणि तिन्ही खोडले.